नदीवर राहून गेलेला पूल

ताई,

हेही पत्र टपालात पडणार नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

विमान उडवण्याच्या कॉम्प्युटर गेमसाठी मी जुन्या नकाशावरून आपलं गाव तयार केलं. आधी नदी टेकडीवर चढत होती. तिला खाली आणलं, तर पलीकडच्या काठावरचं तुझं घर अधांतरी राहिलं. तेही हलक्या हाताने जमिनीवर टेकवलं, खिडकीत दिवा लावला.

काल एका खेळणाऱ्याने कळवलं, "नदीवरचा पूल राहिलाय."

मी तोऱ्यात लिहिलं, "तिथे पूल नाहीच. मी इथलाच आहे."

त्याने फोटो पाठवला. आई गेल्यावर आपण भांडलो, तेव्हापासून मी नदीकडे फिरकलोच नव्हतो. फोटोत माझ्या गल्लीच्या टोकापासून थेट तुझ्या दारापर्यंत पूल, आणि कठड्याचा रंगसुद्धा उडालेला.

तुझाच,
अलीकडच्या काठावरचा भाऊ