नारळ न आणणारे

१० जानेवारी १९४३, उमरगा

आजही नारळ आले! मोतीबिंदूवाले. आमच्याकडं डोळा बरा झाला की माणूस बाजारच्या दिवशी दवाखान्यात येतो आणि डॉक्टरपुढं नारळ ठेवतो. कोनाडा भरला, आता माळ्यावर ठेवतो आहोत. बायको, जगदेवी, रोज खोबऱ्याची चटणी वाटते आणि मी ती खाऊन फुगतो — पोटानं कमी, अभिमानानं जास्त. हैदराबादेत आमचे प्रोफेसर म्हणायचे, ‘हात बरा आहे तुझा, पण डोकं चालवत नाहीस.’ या म्हणावं आता, बघा माळा!

शिवाय पट्टी सोडली की म्हाताऱ्या थेट पायावर डोकं ठेवतात. मी ‘अहो, नको नको’ म्हणतो. पाय मात्र मागं घेत नाही.

डोळा बिघडला म्हणून अजून एकही जण आलेला नाही. म्हणजे सगळेच बरे. सरळ हिशेब आहे.

१७ जानेवारी

सरळ हिशेब! गाढव आहे मी.

बाजारात मिरवायला गेलो होतो — भाजी हे निमित्त. तिथं माकणीची इरम्मा दिसली. गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा डोळा मीच केला होता. काठी टेकत चालली होती. माझा आवाज ऐकला आणि चटकन मिरच्यांच्या पोत्यांमागं वळली. मी पाठोपाठ गेलो, पदर बाजूला करायला लावला. डोळा गेलेला. पांढरा पडून आत ओढलेला.

“सांगायला का आला नाहीत?” — मी जवळजवळ ओरडलोच.

“काय सांगायचं, डाक्टरसाब? तुम्ही येवढं केलासा. तुमास्नी वाईट वाटलं असतं. अन् रिकाम्या हातानं कसं यायचं?”

मला वाईट वाटू नये म्हणून ही बाई काठी टेकत वाट वाकडी करते! आता डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आलाय. घरात दुसरं कोणी नाही. हा डोळाही गेला की चूल पेटवायची कशी आणि विहिरीवर जायचं कसं?

जेवताना चटणीची वाटी बाजूला सारली.

१८ जानेवारी

बरे झालेले नारळ आणतात, बिघडलेले तोंड चुकवतात. आणि मी नारळ बघून स्वतःला धन्वंतरी ठरवून बसलो. जे आले नाहीत त्यांना शोधलं पाहिजे.

२४ जानेवारी

दवंडी पिटवली. हलगीवाल्या बिराप्पाला चांगलं पढवलं होतं — ‘डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या सर्वांनी, बरं असो वा नसो, दवाखान्यात येऊन जावं. डॉक्टर रागावणार नाहीत.’ एवढं लांबलचक त्याच्या कुठलं लक्षात राहतंय! भर बाजारात हलगी बडवून म्हणाला, “ऐका हो ऐका! शरणप्पा डाक्टरनं ज्याचे ज्याचे डोळे घालवले, त्यानं दवाखान्यात हजर व्हावं होऽऽ!”

तहसीलदारसाहेब नेमके आजच दौऱ्यावर. “ये क्या तमाशा है, डाक्टर?”

“संशोधन आहे, हुजूर.”

माझी बदली वेड्यांच्या दवाखान्यात करावी, आणि तीही डॉक्टर म्हणून नव्हे, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

पण लोक आले! हसत आले, एकमेकांना ढकलत आले. पण आले.

२ फेब्रुवारी

जे आले नाहीत त्यांच्या गावी तट्टावरून जाऊन आलो. बसायचं अवघड झालंय.

बरे झालेले जास्त आहेत. पण बिघडलेले माझ्या कल्पनेपेक्षा लई जास्त. आणि सगळ्यांचं एकच सांगणं — पट्टी सुटली तेव्हा छान दिसत होतं, घरी पोचेपर्यंत डोळा ठणकायला लागला. ‘तिथून निघाल्यावर काय केलंत?’ म्हणून विचारलं, तर ‘कायबी न्हाय.’

मठातले स्वामी ठणठणीत. कासीम हवालदार ठणठणीत. माणिकप्पा — ज्याची कंबर वर्षानुवर्षं ताठलेली आहे तो — तोही ठणठणीत. बिघडल्या त्या बहुतेक गरीब, भाविक म्हाताऱ्या. आता स्वामी, हवालदार आणि माणिकप्पा यांच्यात सारखं काय असावं? डोकं खाजवून खाजवून दमलो.

जगदेवी म्हणाली, “तिघंबी चुलीपुढं बसत न्हाईत, त्येच सारखं!”

धूर! फुंकणी फुंकताना पडणारा जोर! सापडलं!

फक्त हवालदाराची आई तेवढी आडवी येते. ती दोन्ही वेळा भाकरी थापते आणि तिचा मी केलेला डोळा लख्ख आहे. तिला अपवाद म्हणून सोडून दिलं. संशोधनात एवढं चालतं बहुतेक.

५ फेब्रुवारी

कारण काहीही असो, जखम पुन्हा उघडते हे नक्की. आम्ही बुबुळाच्या कडेला चीर देतो, मोतीबिंदू काढतो आणि पट्टी बांधून देवावर हवाला ठेवतो. तिथं एक बारीक टाका घातला तर? सरावासाठी खाटकाकडून बोकडाचे डोळे आणले. लिंगायताचा पोरगा खाटकाच्या दारात! पेठेत बोंब झाली. जगदेवीनं दारातच अडवलं — “आंघोळ केल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय!” मी परसात कुडकुडत आंघोळ केली. डोळे दवाखान्यातच ठेवले आहेत हे सांगूनही उपयोग झाला नाही.

बारीक रेशीम कुठंच मिळेना. शेवटी जगदेवीच्या इरकली लुगड्याच्या पदरातून धागा उपसला, उकळून घेतला. उमेदीचे पहिले टाके बोकडाला. चांगले बसले. लुगड्याचं अजून सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी

इरम्मा आली. “ह्यो डोळाबी तुमच्याच हवाली.”

“पहिला मीच बिघडवला ना, आज्जी?”

“मग काय झालं! आता तुमास्नी ठावं झालंय की, कशानं बिघडतंय ते.”

छातीठोकपणे ‘हो’ म्हणालो. ‘महिनाभर चुलीपुढं बसायचं नाही,’ असंही बजावलं. ती म्हणाली, बरं. मला भीती वाटते आहे. खरंच फार भीती वाटते आहे.

१५ फेब्रुवारी

टाका बसला. आता आठ दिवस पट्टी.

२३ फेब्रुवारी

पट्टी सोडली. या वेळी डोळ्यासमोर जाड भिंगही धरलं. इरम्मानं मान वाकडी करून मला निरखलं.

“आगं बाई! डाक्टरसाब, तुमाला मिशी हाय व्हय!”

मी हसलो. रडलोही थोडासा, उगाच का लपवावं. तेवढ्यात ती खाटेवरून उतरली आणि वाकली. मी सवयीनं चपलेतून पाय काढून पुढं केला. तिनं कपाळ पावलावर चांगलं दाबून टेकवलं, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उठली तर डोळ्याच्या कडेला रक्त! तिला आडवी केली, पाहिलं — टाका ताणला होता, पण त्यानं धरून ठेवलं होतं. पुन्हा पट्टी बांधली.

“घाबरताय कशाला?” तीच मला समजावत होती. “मागल्या खेपंलाबी अशीच पाया पडले हुते की. तवाबी तुम्ही असाच डोईवर हात ठेवलासा.”

२४ फेब्रुवारी

रक्त निवळलं. इरम्माला बोटं दिसतात.

स्वामी कोणाच्या पाया पडत नाहीत. हवालदार आणि त्याची आई उभ्यानं सलाम करून गेली. माणिकप्पाला वाकताच येत नाही. बाकीच्या सगळ्या माझ्या पाया पडून घरी गेल्या होत्या, आणि मी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला होता.