डावीकडे सोडलेला चेंडू

प्रिय एवाल्ट,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. तुमच्या तुकडीतला ब्रोडर सुट्टी संपवून परत निघालाय, त्याच्या बुटात घालून पाठवतोय. तेव्हा वास सहन कर आणि वाचून झालं की लगेच जाळ. यातलं तिसऱ्या कुणाच्या नजरेला पडलं तर तुलाही भोवेल आणि मलाही.

आधी आनंदाची बातमी. मुलगा झालाय तुला! इर्माचं पत्र मिळालंही असेल, पण मी स्वतः बघून आलोय. नाक तुझं, आवाज थेट तुझ्या आईचा. इर्मा बरी आहे, जरा उतरलीय. तिनं मला बटाट्याची धिरडी खाऊ घातली आणि तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली. ‘माझे पायच गाढव, मालकाचं ऐकत नाहीत’ असं तू एकात लिहिलंयस ना? त्यातलं तिला काय कळणार! ती खूप हसली, म्हणून मीही हसलो. 

हवाई तळावर आता शुकशुकाट आहे. फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या अकरा जणांपैकी चौघंच उरलोत. पुढच्या मोसमासाठी कमांडरनं आम्हाला राखून ठेवलंय. सकाळी विमानांची चाकं बदलायची, दुपारी रिकाम्या मैदानाला फेऱ्या मारायच्या. भोवती काटेरी तार पूर्वीही होती, पण तेव्हा ती मला दिसत नसे. आता दर फेरीला दिसते.

त्या सामन्यासाठी स्टुटगार्टला निघताना कमांडर काय म्हणाला होता, आठवतं? “कप आणा, अकराच्या अकरा इथंच राहाल. नाही आणलात, तर पूर्वेच्या आघाडीची गाडी उभीच आहे.” त्यावर म्हातारा गोलरक्षक हिनेर्क पुटपुटला होता, “बघा, किती प्रेमानं शुभेच्छा देतो बिचारा!” आपण गाडीत बसेपर्यंत हसत होतो.

मग पूर्वार्धातच व्हिएन्नाच्या त्या दांडगट बचावपटूनं तुला आडवा केला. बदली खेळाडू घ्यायची सोय नाही, म्हणून तुला डाव्या कडेला नुसतं उभं केलं, खुंटीवरच्या कोटासारखं. मध्यंतरात बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं तू माझ्याजवळ वाकलास. “गुडघ्याला काही झालेलं नाही रे. पण तळावरचा डॉक्टर वर प्रेक्षकांत बसलाय. शेवटपर्यंत लंगडलो तर चार महिने तरी आघाडी चुकेल. तोवर इर्मा मोकळी होईल. कुणाजवळ बोलू नकोस.” मी म्हणालो, “लंगड बाबा, पण धड तरी लंगड. मघाशी पाय बदललास!”

तू धड लंगडलास. आम्ही दहा जण धापा टाकत होतो. एक-दोन असे मागे, शेवटची सात मिनिटं. मागून हिनेर्क बोंबलत होता, “अरे पळा कुणीतरी, माझी चार पोरं आहेत घरी!” तेवढ्यात चेंडू माझ्या पायाशी आला आणि मी तो डावीकडे, तुझ्यापुढच्या मोकळ्या जागेत सोडला. लंगड्याकडे कोण लक्ष देतो? तू सुटलास तो थेट गोलात चेंडू मारूनच थांबलास. पोरांनी तुला खांद्यावर घेतलं. मी वर पाहिलं. डॉक्टर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

जादा वेळेत त्यांनी तिसरा गोल मारला आणि कप गेला तो गेलाच. सोमवारी तुझ्या नावापुढे ‘पूर्ण तंदुरुस्त’ असा शेरा पडला. गुरुवारी मी तुला गाडीत बसवलं. खिडकीतून तू उलट माझीच समजूत काढलीस. “तुझा काय दोष? वीटभट्टीमागं आठव्या वर्षापासून खेळतोय आपण. तू सवयीनं टाकलास, मी सवयीनं धावलो.” मी मान डोलावली. तेव्हापासून रोज डोलावतोय.

परवा इर्मानं मला बाळाचा धर्मपिता व्हायला सांगितलं. ईस्टरला बाप्तिस्मा आहे. बाळाचं नाव फोल्कमार ठेवायचं म्हणते, माझं नाव! नाही म्हणायला तिला कारण सांगता येईना आणि हो म्हणायला तोंड उघडेना. म्हणून तुला सांगतो. तो चेंडू सवयीनं गेला नव्हता, एवाल्ट. उजवीकडे आपला माणूस मोकळा होता. मी मान वर करून आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तू काय ठरवलंयस ते मला ठाऊक होतं, आणि पुढ्यात चेंडू आला की तुझे पाय ते ठरवलेलं पाळणार नाहीत, हेही पक्कं ठाऊक होतं. मला पूर्वेला जायचं नव्हतं. दुसरं काहीच कारण नाही, शोधूनही सापडलं नाही. आता तू इर्माला फक्त बाळाचं नाव कळव. दुसरं कुठलंही लिहिलंस तर मी समजेन, आणि ईस्टरला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसेन. मात्र रागानं का होईना, लवकर लिही. तू तिथं धड आहेस, एवढं तरी त्यातून कळेल.

तुझाच,
फोल्कमार