आईशेजारची जागा

प्रिय मारेन,

सोमवारी सकाळी कचेरीत न जाता मी किनाऱ्यावर गेलो. वादळात एक परकं जहाज फुटलं होतं. किनाऱ्याचा राखणदार लाउस्ट एका प्रेताजवळ बसला होता. बाकीचे समुद्राने ठेवून घेतले. हा एक तरुण खलाशी. पायांत लोकरीचे मोजे, एका टाचेला वेगळ्याच रंगाच्या लोकरीचं रफू. घरी कुणीतरी बसून केलं असेल, तू करायचीस तसं.

लाउस्टने गाडी वाळूच्या टेकड्यांकडे वळवली. इथली रीत तुला ठाऊक आहे. ज्याचा बाप्तिस्मा झाला की नाही ते कळत नाही, तो कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर, वाळूत. वाऱ्याने टेकडी सरकली की मग जागाही सांगता येत नाही. याला कुंपणाच्या आत न्यायचं म्हणून मी त्याला थांबवलं, तर हसला. म्हणाला, “साहेब, जहाजावर तुम्ही तोफांना हुकूम सोडायचात. इथं पाद्रीबाबांना एक हुकूम सोडून बघा.”

सोडता आला असता. नौदलाची वर्दी उतरवून या प्रांताचा कारभार घेतल्यापासून हुकूमच तर काढतो आहे. पण देवाच्या दारात हुकमाने शिरू नये, असं मला वाटतं. पाद्री ह्वास यांच्याकडे टोपी हातात घेऊन गेलो. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. म्हणाले, गाव आपल्या माणसांशेजारी परक्याला निजू देणार नाही. कुणी स्वतःच्या घराण्याची जागा दिली, तर प्रार्थना मी म्हणेन.

मारेन, एस्किलचं जहाज बेपत्ता झाल्यापासून तुझ्या प्रत्येक पत्रात एखाद्या नव्या बंदराचं नाव असतं. तुझ्या भावाची तिथं चौकशी केली का, म्हणून. मी करत आलो. कबरस्तानात तुमच्या आईशेजारची जागाही त्याच्यासाठी राखली. ती रिकामी आहे तोवर तो कुठेतरी चालतो-बोलतो आहे, असं आपण दोघंही धरून बसलो होतो. पण माझं निम्मं आयुष्य समुद्रावर गेलंय. समुद्र काय परत करतो आणि काय नाही, हे मला कुणी सांगायला नको.

दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानी जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे. काल दुपारी त्या मुलाला तुझ्या आईशेजारी ठेवलं. लाउस्टने न सांगता खड्डा खोल खणला. आपल्या एस्किललाही कुठल्यातरी किनाऱ्यावर कुणी कुंपणाच्या आत घेतलं असेल, एवढंच आता देवाकडे मागतो. बंदरांना पाठवायची पत्रं मी थांबवली आहेत.

तू रागावलीस तरी तुझाच,
बाबा