शेवटच्या घराचा हिरडा

प्रिय नवसूकाका,

परवा तुझे दिवस झाले. पाहुणे पांगल्यावर काकीने तुझी चंची माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तू तमाखू खात नाय, पण ऱ्हाऊ दे तुझ्याकडं." मी तिच्यासमोरच ती उलगडली. तंबाखूचा चुरा, चुन्याची डबी आणि आतल्या कप्प्यात एक वाळका हिरडा. काकीला वाटलं, खोकल्यासाठी ठेवला असशील. मला मात्र तो लगेच ओळखू आला होता, काका!

उद्या सकाळी सादड्याच्या झाडाखाली सभा आहे. सोसायटीला नवा चेअरमन हवा, आणि सगळे माझंच नाव घेताहेत. तुझ्या दिवसांच्या जेवणाला लक्ष्मणदादा सगळ्यांसमोर म्हणाला, "तुळशीरामनं आजवर एक अक्षर खोटं लिहिलं नाय." म्हणून आज सोसायटीच्या खोलीत दार लावून हे लिहायला बसलोय. तुला सहीपुरतीच अक्षरं येत होती, तीही मी शिकवलेली, हे काय मला ठाऊक नाही? पण खोटं मी लिहून केलं होतं. तेव्हा खरंही आधी लिहून बघतो.

तुझ्या सभा आठवतात. पाड्याची सत्तावीस घरं, म्हणून सत्तावीस हिरडे तू मातीत ओळीने मांडायचास. बोलायला सुरुवात व्हायची ती शेवटच्या घरापासून, सोमीआजीच्या. ज्या घराचं म्हणणं पुरं झालं, मन भरलं, त्याने आपला हिरडा उचलून तुझ्या पंच्यावर ठेवायचा. ज्याला पटलं नसेल त्याचा हिरडा मातीतच, आणि मग पुन्हा पहिल्यापासून बोलणं. तुझं स्वतःचं घर सगळ्यांच्या मागून. एका हिरड्यापायी दोन-दोन दिवस जायचे. बायका घरी जाऊन भाकरी थापून परत यायच्या, आणि तू आपला बसलेला! कुणी चुळबुळ केली की म्हणायचास, "घाई कोणाला हाय?"

मला होती घाई. नाशिकच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झालो होतो, अंगात टेरिकॉटचा शर्ट होता, खिशाला पेन. ठेकेदाराचा मुकादम जाऊन जंगल कामगारांची आपली स्वतःची सोसायटी झाली, तेव्हा तू चेअरमन आणि मी सेक्रेटरी. लोक तुला 'चेरमन' म्हणायला लागले की तू लाजून हसायचास. मी मात्र मनातून फुगलो होतो. कामकाज कसं असतं ते आता या लोकांना मी दाखवणार, असं वाटायचं मला. या लोकांना! माझ्याच लोकांना.

आणीबाणी उठल्यानंतरचं दुसरं वर्ष होतं. झऱ्याच्या माथ्यावरचं जंगल त्या हिवाळ्यात तोडीला निघालं. ते काम आपल्या सोसायटीने घ्यायचं की नाही, एवढंच सभेत ठरवायचं होतं. सभेच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडे आलास.

"सोमी सायखेड्याकडं गेली कांदं लावाया, सुनंला घेऊन. पंधरा दिसांनी येईल. तवर थांबू."

"काका, जंगलखात्याचे साहेब उद्या नाशिकहून जीप घेऊन येताहेत. आणि सोमीआजी सभासदच नाही. तिचं नाव यादीत नाही."

"यादी तू केली. झऱ्याचं पाणी ती भरते."

मी घड्याळ बघितलं. खरंच, तेवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून दोन खुर्च्या आणल्या. एकीवर साहेब बसले, दुसरीवर मी. चेअरमन तू, आणि तू खाली मातीत! तुला खुर्ची सुचवायचंही मला सुचलं नाही. तू हिरडे मांडायला लागलास. साहेबांनी वाकून विचारलं, "हे काय, औषध वाळत घातलंय का?" आणि स्वतःच हसले. काका, मीही हसलो. तुझी मान वर झाली नाही, पण तुझा हात थांबलेला मी पाहिला. त्या क्षणी मला तुझी लाज वाटली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग मीच उभा राहिलो. म्हणालो, आता कायद्याने सभा चालते, हात वर करा. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हणालो, तसे एकेक करत हात वर आले. साहेबांनी माझी पाठ थोपटली. रजिस्टरात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली मी बोट ठेवलं तिथे तू सही केलीस. सही शिकवली ती यासाठी का मी तुला?

सगळे उठून गेले तरी तू हिरडे गोळा करत बसला होतास. सव्वीस पिशवीत टाकलेस. एक तळहातावर घेऊन बराच वेळ बघितलास आणि चंचीत ठेवलास. मी खुर्च्या उचलत होतो. मला दिसलं होतं, काका. न दिसल्यासारखं केलं.

ठेकेदाराने इतकी वर्षं जंगल तोडलं, पण झऱ्याच्या माथ्याला तू हात लावू दिला नव्हतास. तो माथा आपल्याच कुऱ्हाडींनी उघडा पडला. पुढचा उन्हाळा कसाबसा निघाला. त्याच्या पुढच्या वैशाखात झऱ्यात नुसता ओला दगड राहिला. सोमीआजीच्या दारापासून वीस पावलांवर पाणी होतं, ते आता खाली नदीत, घाट उतरून!

पाडा चिडला. सादड्याखाली सगळे जमले. लक्ष्मणदादाने सरळ विचारलं, "काम घ्यायचं ठरलं तवा सोमी इथं नव्हती. आधी जाऊन शेवटल्या घराला कुणी इचारलं व्हतं का?"

माझ्या मांडीवर रजिस्टर होतं. त्यातलं 'सर्वानुमते'चं ते पान कुणाला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. आणि तू उठलास, पागोटं काढून मातीवर ठेवलंस, आणि म्हणालास, "चेरमन मी. मी इचारलं नाय. चूक माझी हाय."

मी बसून राहिलो. चोवीस वर्षांचा धडधाकट माणूस, बसून राहिलो!

घरी जाताना वाटेत मी तुला म्हणालो, "काका, असं का बोललास?" चालता चालता तू म्हणालास, "माझं किती राहिलंय? तुला अजून लय वरसं लिहायचंय. आपल्या माणसाच्या लिहिण्यावरचा लोकांचा इश्वास उडला, तर उद्या परत बाहेरचा मुकादम येऊन बसंल."

दुसऱ्या दिवसापासून तू कावड खांद्यावर घेतलीस. दर उन्हाळ्यात, रोज सकाळी, नदीवरून दोन हंडे सोमीआजीच्या दारात. गडीमाणूस पाणी भरतो म्हणून लोक हसायचे. "चेरमन पाणक्या झाला," असं पोरंसुद्धा ओरडायची. सोसायटीच्या खोलीच्या खिडकीतून तू घाट चढताना दिसायचास, मधल्या दगडावर दम खायला बसायचास. मी खिडकीची झडप लोटून घ्यायचो. एकदा तरी खाली उतरून ती कावड मी घ्यायला नको होती का?

आज सकाळी सोमीआजीकडे गेलो होतो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. म्हातारी उन्हाला बसली होती. आता तिला नीट दिसत नाही.

"कोण, तुळश्या का? बस."

मी बसलो. मी सांगायच्या आधी तीच म्हणाली, "तुझा काका लय भला माणूस. झऱ्याचं पाप केलं खरं, पण फेडून गेला. मी कवाच माफ केलं त्याला." मग भिंतीकडे हात केला. "त्याची कावड इथंच हाय. येवढी घेऊन जा घरला."

तुला माफ केलं म्हणते, काका! तुला! आणि मी? "असू दे इथंच, आजी," म्हणालो आणि चपला घालून निघालो. इतक्या वर्षांनीही मला एक वाक्य बोलता आलं नाही.

रागावू नकोस, पण थोडं तुझंही चुकलं. तू मला वाचवलंस आणि त्या वाचण्याची मला सवय लागली. विश्वास राहावा म्हणून तू गप्प राहिलास, पण लोकांचा विश्वास बसला तो एका खोट्या पानावर. मुकादम बाहेरूनच येतो असं तुला वाटायचं ना? खुर्चीवर बसून यादीत नाव नाही म्हणणारा, हात वर करा म्हणून दरडावणारा तो कोण होता मग? कधी तरी कानाखाली वाजवायची होतीस.

उद्याचं सांगतो. सकाळी आधी कावड घेऊन नदीवर जाईन. दोन हंडे सोमीआजीच्या दारात ठेवीन आणि तिचा हात धरून तिला सादड्यापर्यंत आणीन. कोण हसेल ते हसू दे. खुर्ची आणणार नाही. माझं नाव कुणी सुचवायच्या आधी रजिस्टर उघडून ते पान मोठ्याने वाचीन आणि 'सर्वानुमते' कुणी लिहिलं, कसं लिहिलं, तू काय सांगितलं होतंस, ते सगळं सांगेन. मग हिरडे मांडीन. सव्वीस यंदाचे, आणि पहिला हा तुझ्या चंचीतला. तो सोमीआजीच्या हाताला लावून देईन, म्हणजे तिला कळेल कुठे आहे ते.

माझं घर शेवटी. मला चेअरमन करायचं, सेक्रेटरी ठेवायचं की दोन्हींतून काढायचं, ते लोक ठरवतील. पण सोमीआजीने तो हिरडा उचलेपर्यंत मी पेनाचं टोपण काढणार नाही. तिला एक दिवस लागो, दोन लागोत, नाहीच उचलावासा वाटला तर तो तिथेच राहो. मी खाली मातीत बसून असेन, काका. घाई कोणाला हाय?

तुझा,
तुळश्या