उसातलं जहाज

नेसरी, ता. ३ ऑगस्ट २०२५

चि. संयोगितास बाळासो आजोबांचे अ. उ. आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. शिकायला गेलीस ती इटलीत, तीही नेमकी बंदराच्या गावी. पाण्याकडेला जाऊ नकोस. समुद्राची मासळी खात नाहीस ना?

माझे वडील पिराजी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांकडून लढताना इटलीवाल्यांच्या हाती सापडले. आफ्रिकेत त्यांना इटलीच्या लढाऊ जहाजावर चढवताना सोबत्यानं पाहिलं. पुढं सरकारनं ‘वारले’ एवढंच कळवलं. जहाज बुडालं असणार, असं आईनं धरलं. तेव्हापासून घरात समुद्राचा मासा शिजला नाही. त्या पाण्यातला मासा, न जाणो. तुझी आजी अंबूबाई म्हणते, नदीचा चालतोय आणि समुद्राचा न्हाय, हे कसलं सोवळं?

दुपारी डोळा लागला की ते जहाज उसातून येतं. राखाडी. पाती हलतात, आवाज नसतो. कठड्याशी माणसं उभी असतात. वडिलांना मी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळं त्यातले कोणते ते ओळखत नाही. माझे डोळे मिटायच्या आत ते कुठं आहेत एवढं कळावं.

माया असू दे.

बाळासो

तारांतो, ता. १२ सप्टेंबर २०२५

ती. आजोबांस संयोगिताचा सा. न. वि. वि.

मासळी खाल्लेली नाही. त्यामुळे घरमालकीण मला आजारी समजते.

इथल्या जुन्या कागदांत, कैद्यांच्या यादीत पणजोबांच्या नावापुढे, तुमचं जहाज सापडलं. हलकं, वेगवान. आधी समुद्रात सुरुंग पेरायचं. मग आफ्रिकेला पेट्रोल न्यायचं, येताना कैदी आणायचं. इटलीनं बाजू बदलल्यावर त्याच जहाजानं इंग्रजांचे शिपाई घरी पोचवले. आजोबा, ते बुडालंच नाही. लढाईनंतर म्हातारं होऊन भंगारात गेलं.

पणजोबा बंदरावर सुखरूप उतरले. त्याच हिवाळ्यात इथल्या कैद्यांच्या छावणीत तापानं गेले. मी जाऊन आले. टेकडीवर, ऑलिव्हच्या झाडांत, दगडावर त्यांचं नाव आणि पलटण कोरली आहे. तिथून समुद्र दिसतसुद्धा नाही.

आजीला नमस्कार. रागावू नका, मी पाण्याकडेला रोज जाते.

संयोगिता

नेसरी, ता. १३ ऑक्टोबर २०२५

चि. संयोगितास अ. उ. आशीर्वाद.

दगड तडकलेला नाही ना? गुरं शिरत नाहीत ना? पुन्हा गेलीस तर पाणी घाल. थंडी असेल तर कोमट कर.

काल आजीनं बाजारातून बांगडा आणला. मी ताटाकडे नुसता बघत बसलो. ती म्हणाली, खावा की, मामंजी डोंगरावर हाईत. एक घास खाल्ला. काट्याची भीती वाटली, बाकी कसली नाही. तूही खा, पण काटे बघून.

जेवून पडलो. जहाज आलं. उसात बराच वेळ थांबलं. कठड्याशी कुणी नव्हतं. सगळे उतरून गेले होते.

आम्हां म्हाताऱ्यांवर जीव असू दे.

बाळासो