टाका नाही, गळती नाही

३ मार्च
आले एकदाची. खोली झकास, पलंग खिडकीशी, गादी घरच्यापेक्षा मऊ. उजव्या किडनीवरची गाठ उद्या काढणार, किडनी मात्र वाचवणार. माझ्यापेक्षा नवरोबाच जास्त घाबरलेत, म्हणून त्यांना चहा प्यायला पिटाळलं. डॉक्टर बोलके आहेत. किडनी ओल्या कागदासारखी असते, टाका ओढला की फाटते, म्हणून कापलेल्या जागी ते एक खास गोंद लावतात म्हणे. मी शिंपीण. जन्मभर टाके घातले आणि मला मात्र चिकटवणार, असं म्हटल्यावर सिस्टरही हसल्या.

६ मार्च
पार पडलं. रक्त थांबेना म्हणून गोंदाचा दुसरा थर दिला, असं कळलं. कुशीतून एक नळी बाहेर काढली आहे. आत काही गळलंच तर ते पिशवीत यावं म्हणून. पिशवी कोरडी ठणठणीत. डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना बोलावून ती दाखवली. "टाका नाही, गळती नाही," म्हणाले. मलाही उगाच अभिमान वाटला.

९ मार्च
लघवी कमी होतेय. कुशीत काहीतरी घट्ट बसलंय. स्कॅनमध्ये पांढरा डाग दिसला. तो आपलाच गोंद, हळूहळू विरघळेल, असं डॉक्टर म्हणाले. पुढे कुणी त्याला गाठ समजून घाबरू नये म्हणून फाइलवर ठळक लिहूनही ठेवलं. आता ड्युटीवर येणारा प्रत्येक जण फाइल वाचतो, मान डोलावतो आणि जातो. दुखतंय म्हटलं की गोंद, फुगलंय म्हटलं की गोंद.

११ मार्च
पुन्हा स्कॅन. डाग दुप्पट झालाय. विरघळणारा गोंद वाढतो कसा, असं विचारलं तर हाताखालच्या डॉक्टरांनी फाइलवर बोट ठेवलं. शिकलेली माणसं आहेत, उगाच शंका काढू नकोस, असं नवरोबाही म्हणाले. मला रडू आलं. सिस्टर नळी काढायला आल्या. ओढली तर कुशीसकट मीच ओढली गेले.

१२ मार्च
पट्टी काढली. जखमच नाही. वण नाही, शिवण नाही — नळीभोवतीही नुसतं गुळगुळीत. सगळे कौतुक करून गेले. मला धडकी भरली. शिवणच नसेल तर उसवायचं कुठून? कूस बदलायला गेले — पाठ गादीवरून उठेना.

१३ मार्च
लघवी नाही. घाम नाही. परवा रडतानाही डोळे कोरडेच होते. कुठेच गळती नाही, म्हणून डॉक्टर खूश.
ओठ उघडत नाहीत — नवरोबांना वाटतं, मी रुसलेय —

१४ मार्च
आज घरी सोडणार. नवरोबा माझे कपडे घेऊन उभे. मी लिहून दाखवतेय — कापा मला — कुठूनही —
ते डॉक्टरांकडे बघतात. डॉक्टर फाइलकडे.
चल, पुरे झालं लिहिणं, असं म्हणून वही ओढताहेत — हसताहेत —
सुटत नाही. बोटंही —
एकच डोळा उघडा आहे, तोही आता मि