रेशमी तातीची रॅकेट

॥ श्री उत्तरेश्वर प्रसन्न ॥
तेर, कार्तिक मास

प्रिय शिवकांता,

अनेक आशीर्वाद. सासूचं पत्र म्हणून घाबरू नकोस, आणि अक्षराला हसू नकोस. लेकाच्या, वीरभद्राच्या, पहिलीच्या पुस्तकावरून शिकलेली बाई मी; वेलांटी कुठली द्यायची ते अजून त्यालाच विचारते. इकडं सगळे खुशाल. ज्वारी गुडघ्याला लागली. तू लावलेला गवती चहा न्हाणीच्या वाटेत आलाय, रोज माझं लुगडं धरतो. आषाढात सोलापूरला गेलीस ती दिवाळीलाही आली नाहीस, म्हणून तोही रागावला असेल.

आता मोठी बातमी. मी बॅडमिंटनची रॅकेट घेतली.

तुझे मामंजी आडतीच्या कामानं बार्शीला निघाले, तशी मीही गाडीत जाऊन बसले. शाळेच्या वह्या अन् चेंडू विकणारं एक दुकान आहे तिथं. दुकानदार म्हणाला, "कितव्या इयत्तेतल्या मुलाला पाहिजे?" म्हटलं, "मलाच." तो मामंजींकडं बघायला लागला आणि मामंजी छताकडं. पहिली दाखवली ती नुसती चकचकीत. "अस्सल तातीची आहे, आवाज ऐका." तात म्हटल्यावर मला पिंजाऱ्याची धनुकली आठवली. विचारलं, बाबा, ही तात कशाची? "मेंढीच्या आतड्याची." माझा हात आपसूक गळ्यातल्या लिंगावर गेला. दुसरी लोखंडी तारेची, जड. दुकानदारच म्हणाला, ही फुलाची पिसं उडवते. मग त्यानं फळीमागून तिसरी काढली, पिळलेल्या रेशमाची, वर रोगण दिलेली. "सामने खेळणारे हिला हात लावत नाहीत. आवाज बसका आहे, किंमतही कमी. अंगणात खेळायला मात्र झकास." म्हटलं, आमचं अंगणच आहे, आणि माझाही आवाज बसकाच आहे. चाळणी घेताना बघतो तशी डोळ्यांसमोर धरून वाकडी नाही ना, बघितली. मूठ लाटण्यापेक्षा बारीक हवी, रवीपेक्षा जाड. तशीच होती. दोन घेतल्या.

परतताना करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं जकातीसाठी गाठोडं सोडायला लावलं. "ये क्या है अम्मा, मक्खी मारने का?" म्हटलं, "व्हय साहेब, तेरच्या माश्या लई मोठ्या." हसला बिचारा, सोडलं.

फूल मात्र घरीच केलं. औषधाच्या बाटलीचं बूच आणि उत्तरेश्वराच्या देवळातली पारव्यांची गळालेली पिसं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा म्हणालीस, "आत्याबाई, मला फुलाचा खेळ लई आवडतो," आणि मी दुसऱ्या दिवशी परडीभर झेंडू आणून तुझ्यापुढं ठेवला होता. तू हसून हसून भिंतीला टेकलीस. तसं हसू या घरात पुन्हा ऐकायचंय मला.

आषाढात शेजारणी "पोट पडलं" म्हणाल्या आणि तू कानांवर हात ठेवलेस. त्या दिवसापासून आपल्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. तांब्या पडला तर "निसटला" म्हणतात, भिंतीचं ढेकूळ पडलं तर "सुटलं". तू सोलापूरला गेलीस तरी आम्ही तसंच बोलत राहिलो, जणू तू माजघरातच आहेस.

रोज सकाळी वारा उठायच्या आत मी परसात उभी राहते. दुसरी रॅकेट मी कुणाला देत नाही, म्हणून मामंजी समोर पोळपाट घेऊन असतात. बघशील तर पोट धरून हसशील. परवा फूल माझ्या पायाशी आलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पडलं!" त्यांचा पोळपाट तसाच वर राहिला. वीरभद्र आडावर पाणी ओढत होता, त्याचाही हात थांबला. मग मी वाकले, फूल उचललं, त्याच्या पिसांची माती फुंकली आणि म्हटलं, "व्हय, पडलं. आता परत मारा." आणि मारलं त्यांनी, पोळपाटानं, पार गोठ्यापर्यंत.

तेवढ्यात सिद्धम्मा काकू आल्या. वीरभद्रासाठी कळंबच्या एका मुलीचं नाव काढायला लागल्या. म्हटलं, काकू, या घरची सून माहेरी गेलीय, सासर सोडून नाही. गूळपाणी घ्या अन् निघा. माझ्या हातात रॅकेट होती, त्यामुळं गूळपाणीही घेतलं नाही त्यांनी.

तुझ्या अप्पांचं पत्र आलंय. तू त्यांना म्हणालीस म्हणे, "रित्या हातानं कोणत्या तोंडानं जाऊ?" पोरी, त्याचसाठी हे सगळं लिहिलं. सोमवारच्या गाडीनं वीरभद्र तुला आणायला निघतोय. रित्याच हातानं ये. दुसरी रॅकेट खुंटीला लावून ठेवलीय, तिला मोकळाच हात लागतो.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
आत्याबाई मल्लम्मा